राखणीचा चेंडू

आमच्या फ्रिजवर एक सोनेरी माणूस उभा आहे. त्याच्या पायांना पॅड आहेत, डोक्याला हेल्मेट आहे, आणि हातातली बॅट फिरवून झाल्यावर तो चेंडूकडे बघत कायमचा थांबलेला आहे. खालच्या काळ्या दगडावर 'बेसबॉल जीवनगौरव' असं कोरलंय आणि त्याखाली नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव. बेसबॉलमध्ये असे पॅड बांधून कोणी खेळत नाही, हे मूर्ती विकणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही. ज्या संघटनेनं ती विकत घेतली तिला माहीत असायला हरकत नव्हती.

दर शनिवारी मी त्याच्यावरची धूळ पुसते आणि दर शनिवारी नाना खुर्चीतून म्हणतात, "त्याला कशाला पुसतेस? आउट आहे तो."

आज पुसताना दगडाखालची मखमल निघून हातात आली. मूर्तीच टाकून देते, म्हटलं. नाना म्हणाले, टाकू नकोस, वजनदार आहे, लागेल. मखमलीखालचा सरस उन्हानं वितळला होता. त्याचा वास आला आणि मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. आमच्या शाळेच्या सामानाच्या खोलीला असाच वास होता.

जळगावच्या त्या शाळेत नाना पी.टी.चे सर होते. खोलीत ग्लोव्हज होते, मास्क होता, फक्कीची पोती होती. ग्लोव्हजना शेंगदाण्याचं तेल लावून, आत चेंडू घालून, वर पाटा ठेवून द्यायचा, म्हणजे चामडं मऊ पडतं आणि तळव्यात चेंडूपुरता खळगा तयार होतो. तेल खवट व्हायचं. उंदीर यायचे. शिवण उसवली की आमच्या संघातल्या सलीमचे वडील आत नवा कापूस भरून द्यायचे. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान शाळेच्या कोपऱ्यावरच होतं. नवा भरलेला ग्लोव्ह नाकाशी धरला की आधी शेंगदाणा यायचा, मग गादी, मग चामडं.

मैदानामागं जिनिंग होतं. दिवाळीनंतर कपाशीच्या गाड्या लागल्या की सरकीचा तेलकट वास दिवसभर डोक्यावर बसून राहायचा, आणि कापसाचे पुंजके उडत येऊन कडेच्या गवतात अडकायचे. मैदानाबाहेर गेलेला पांढरा चेंडू त्या पांढऱ्या पुंजक्यांत शोधायचा, हा आमचा निम्मा सराव. उरलेला निम्मा पाण्याच्या टाकीवर चढण्यात जायचा, कारण टाकीत पडलेला चेंडू शिपाई काढू देत नसे आणि आमच्याकडे दुसरा नसे.

नानांनी बेसबॉल एका पुस्तिकेतून शिकला होता आणि तिच्यातूनच शिकवला. तिच्यातली मैदानाची आकृती छापताना उलटी पडली असावी, कारण आमची पोरं बरीच वर्षं उलट्या दिशेनं धावली. पहिल्यांदा स्पर्धेला गेलो तेव्हा समोर जामनेरचा संघ होता. त्यांच्या सरांनीही तीच पुस्तिका वाचली होती. दोन्ही संघ शेवटपर्यंत उलटे धावले आणि पंच सोडून कोणालाही काही खटकलं नाही.

मुलींचा सॉफ्टबॉल आणि मुलांचा बेसबॉल एकाच मैदानावर चालायचा. कॅचरचा मास्क एकच होता आणि तो माझ्या डोक्याला बसायचा, म्हणून दोन्हीकडे कॅचर मीच. मुलांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सलीम. फलंदाजामागं गुडघ्यांवर बसून, मांडीच्या आडोशाला बोटं दाखवून मी त्याला पुढचा चेंडू सांगायची. एक बोट म्हणजे सरळ. दोन बोटं म्हणजे वळणारा. तळवा जमिनीकडे करून बोटं फाकवली की पाखरू. पाखरू म्हणजे राखणीचा चेंडू. गडी बाद झाला की मूठ गुडघ्यावर.

राखणीचा चेंडू पुस्तिकेत नव्हता. तो नानांच्या पारोळ्याजवळच्या गावातून आला होता. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला नानांना मळ्यात बसवत. वरून ढेकूळ फेकलं तर कणसं झडतात आणि मार बसतो. म्हणून कमरेत वाकायचं, हात जमिनीलगत न्यायचा आणि ढेकूळ ताटांच्या मधून, कणसांच्या खालून सोडायचं. खालून आलेल्या ढेकळाला पाखरू जास्त घाबरतं, असं नाना सांगत. मी पाखरांना विचारलेलं नाही. पण सलीमचा तो चेंडू माझ्याकडं गवताला खेटून यायचा आणि फलंदाजापाशी येऊन उगाच वर डोकं काढायचा. फलंदाज त्याला मारायचे तेव्हा चेंडू जमिनीतच जायचा, गडगडत सलीमकडं परत. सलीम वाकून उचलायचा. त्याच्या शर्टावर मी कधी घाम पाहिला नाही. धूळ मात्र कायम.

विभागाच्या निवड चाचणीला ब्लेझर घातलेले एक साहेब आले होते. ऊन चाळिशीच्या पुढं, आणि ब्लेझर. त्यांनी सलीमचे दोन चेंडू पाहिले आणि त्याला सरळ उभं राहून टाकायला सांगितलं. "हा बेसबॉल आहे, सारवण नाही," असं ते हसत म्हणाले. बाकीचेही हसले, कारण ब्लेझरवाला हसला की हसायचं असतं. नाना तिथंच उभे होते. सरळ उभा राहिलेला सलीम कोणाही उंच मुलासारखा दिसत होता.

पुढच्या दिवाळीत सलीम धुळ्याला मामाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात होता. जिनिंगच्या गाड्या लागल्या, कापूस उडायला लागला, आणि मी दुसऱ्या कोणाला तरी बोटं दाखवत होते. पाखरू दाखवायची गरज पडली नाही. नाना तो चेंडू पुन्हा कोणाला शिकवेनात.

मग मधली वर्षं. शाळा वाढली, मैदान आक्रसलं, जिनिंग गेलं, टाकी गेली. आई गेली. नाना निवृत्त होऊन माझ्या घरी आले आणि माझ्या प्रत्येक पुस्तकाबद्दल हे किती पानांचं आहे ते विचारू लागले.

आणि मग तो उन्हाळा, ज्यात सगळं बंद होतं.

नानांची मोठी बहीण, आमची अक्का, धुळ्याहून चार दिवसांसाठी जळगावला आली होती ती अडकून पडली. दुपारी अंगणातली फरशी पाय टेकू देत नसे. दारं-खिडक्या लावून, वाळ्याची ताटी मारलेला कूलर सोडून आम्ही तिघं अंधारात बसायचो. वाळ्याचा ओला वास, कैरीच्या पन्ह्यातली वेलची, वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापडांचा खारट वास, आणि अक्काची जपमाळ. जगातले सगळे खेळ थांबले होते. नाना जुन्या सामन्यांची क्षणचित्रं बघून कंटाळले होते आणि मला कंटाळवीत होते. वैतागून मी त्यांच्या हातात फोन दिला: घ्या, हा एकच देश खेळतोय.

तो कोरिया होता. आमचे दुपारचे तीन म्हणजे तिथली संध्याकाळ. इकडं भिंती तापलेल्या, आणि फोनच्या चौकटीत गार हिरवं मैदान, निळसर आकाश, नुकतेच लागलेले दिवे. प्रेक्षकांना बंदी होती, म्हणून खुर्च्यांवर कापडी बाहुल्या बसवल्या होत्या, आणि त्यांच्यापुढं मुली मनापासून नाचत होत्या. बाहुल्यांसमोर कार्यक्रम करायची कल्पना आपल्याकडं नवी नाही. पण त्या मुली नाचायच्या छान.

नानांनी आयुष्यभर बेसबॉल शिकवला आणि खरा सामना त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग एक नवा पिचर आला. किडकिडीत, लांब हातांचा, टोपी डोळ्यांवर. तो कमरेत वाकला, हात गवताशी नेला आणि तिथून चेंडू सोडला.

नानांनी फोन माझ्यापुढं धरला. "राखणीचा," ते म्हणाले.

अक्कानं जपमाळ थांबवून चष्मा लावला. "हाऊ पोऱ्या वाकीसन काय धुंडस?" तिनं विचारलं. हा पोरगा वाकून वाकून शोधतो तरी काय?

त्याच्या शर्टावरची अक्षरं आम्हाला वाचता येत नव्हती आणि इंग्रजीतलं नाव नाना दर वेळी वेगळं म्हणत. अक्कानं त्याचं नाव वाक्या ठेवलं. तेच टिकलं.

वाक्याची कारकीर्द आम्ही अशी मधूनच पाहायला लागलो, म्हणून मागचं मला शोधून वाचावं लागलं. एके दुपारी मी मोठ्यानं वाचत होते. शाळेतून एका संघानं घेतलं, तेही सगळ्यांना घेऊन झाल्यावर. मग एका प्रशिक्षकानं त्याला सरळ उभं राहून टाकायला लावलं. तो हंगाम त्याचा वाया गेला. त्याला दुसऱ्या, खालच्या संघात टाकलं. मग तिथल्या सगळ्या मुलांना करावी लागते ती सक्तीची लष्करातली नोकरी. परत आला तेव्हा तो पुन्हा वाकून टाकायला लागला होता, आणि मग मोठ्या संघात टिकला.

नाना म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता. उठून पाणी घालावं असं कोणालाच वाटलं नाही.

"सलीमला फोन लाव," नाना म्हणाले.

मी नंबर शोधायला लागले. तेवढ्यात ते म्हणाले, "नको. राहू दे. दुकानात गर्दी असेल."

त्या दिवसांत धुळ्यातलं एकही दुकान उघडं नव्हतं. मी फोन ठेवून दिला.

मग बाकीचं सुरू झालं आणि बाहुल्यांच्या जागी माणसं आली, पण आमचे तीन वाजायचे राहिले नाहीत. त्या वर्षांचे ऋतू मला वाक्याच्या हिशेबानं आठवतात. होळीच्या आसपास त्याचा हंगाम सुरू व्हायचा, तेव्हा रावेरकडून येणारे केळीचे ट्रक वाढलेले असत आणि नाना सामन्याला हिरव्या केळीचे वेफर्स घेऊन बसत. त्याच्या बाद फेऱ्या यायच्या तेव्हा बाजारात भरताची वांगी दिसायला लागायची. एका वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. मनगटातला स्नायूबंध काढून कोपरात बसवला म्हणे. ते वर्षभर नानांनी उजव्या हातानं बादली उचलली नाही. कारण विचारलं तर रागवायचे.

वैतागायला कारणं पुष्कळ होती. नेमकी वाक्याच्या वेळी वीज जायची. चित्र अडकायचं, मधोमध एक चक्र फिरत राहायचं, आणि नाना ते चक्र माझ्या आळशीपणामुळं फिरतंय अशा नजरेनं माझ्याकडं बघायचे. मग एक हंगाम असा आला की कोरियातल्या कॅचरनं बोटं दाखवणंच बंद केलं. अंगावर बांधलेलं बटण दाबलं की पिचरच्या टोपीत आवाज येतो. नानांना ते अजिबात आवडलं नाही. ते म्हणाले, आता दोघांनी एकमेकांकडं बघायचीसुद्धा गरज नाही.

वाक्याचा चेंडू मंद होत गेला. फलंदाज त्याला ओळखू लागले. एका सकाळी बातमी आली की हंगामाअखेर तो थांबतोय आणि शेवटच्या सामन्यात एका फलंदाजापुरता मैदानात उतरणार आहे. नानांनी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला.

त्याच आठवड्यात सलीमचा फोन आला. तो आता धुळ्यात चांगला स्थिरावला होता, नव्या क्रीडा संघटनेचा सचिव झाला होता, आणि संघटनेचं पहिलं काम म्हणजे अर्थातच सत्कार. "सर, नाही म्हणू नका. मी जिद्द करून तुमचंच नाव घेतलंय." नानांनी हो म्हटलं. तारीख वाक्याच्या सामन्यानंतरच्या आठवड्यातली होती, सगळं ठीक होतं. मग कोरियात पाऊस पडला. शेवटचा सामना पुढं ढकलला गेला आणि नेमका सत्काराच्या दिवशी, दुपारी तीनला येऊन पडला.

मी म्हटलं, सलीमला सांगा, दिवस बदलेल. नाही तर सामना रात्री बघा, सगळं साठवलेलं असतं.

"नंतर बघितलं तर तो टाकून मोकळा झालेला असतो," नाना म्हणाले. "मला तो टाकत असताना बघायचाय. शेवटचा आहे." मग थोड्या वेळानं, "सलीमला काही सांगू नकोस. त्याची एक चाचणी माझ्यासमोर मोडली, मी गप्प बसलो. त्याचा हा दिवस मी मोडणार नाही."

पत्रिकेत वेळ सकाळी अकराची होती. नानांनी हिशेब घातला: एकला संपेल, अक्काकडं जेवण, तीनला फोन. माणसानं आयुष्य शाळेत काढलं की तो पत्रिकेवरच्या वेळेवर विश्वास ठेवतो.

एरंडोल, पारोळा करत आम्ही साडेदहाला धुळ्याच्या सभागृहात पोचलो. प्रमुख पाहुणे शिरपूरकडं एका उद्घाटनाला गेले होते. ते निघाले होते. मग ते निघतच होते. मग ते वाटेत होते. व्यासपीठावर भाडोत्री सिंहासनं मांडली होती आणि सर्वांत मोठ्या सिंहासनावर पाहुण्यांचा रुमाल ठेवून एक कार्यकर्ता पहारा देत होता. नानांना फेटा बांधून झाला. तो इतका घट्ट होता की त्यांच्या भुवया वर ओढल्या गेल्या आणि ते सहा तास आश्चर्यचकित दिसत राहिले. गुलाबाच्या हारांवर पाणी शिंपडत होते, त्याचा ओला वास, माइकची शीळ, अत्तराचे फाये. अक्का स्टीलचा डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसली. डब्यात नानांसाठी कळण्याची भाकरी आणि शेवभाजी होती, आणि ती गार होत होती.

तीन वाजले. मी फोन काढून पर्सच्या आडोशाला ठेवला. हिरवं मैदान, भरलेल्या खुर्च्या. पाहुणे साडेचारला आले, फुलं, दिवा, स्वागतगीत झालं आणि पाच वाजता ते बोलायला उभे राहिले. मी फोनकडं बघितलं तर शेवटचा डाव चालू होता आणि कडेच्या दारातून एक किडकिडीत माणूस टोपी डोळ्यांवर ओढून बाहेर येत होता.

"वाक्या उना का वं?" अक्कानं विचारलं.

आला, अशी मी मान हलवली. वर बघितलं तर नाना माझ्याकडंच बघत होते. त्यांनी हनुवटी किंचित उचलली. सिंहासनावरून उतरून येता येत नव्हतं, फोन वर धरला तर पाहुण्यांचा अपमान झाला असता. मी काय करतेय हे कळायच्या आत माझा हात मांडीवर गेला आणि एक बोट पुढं आलं. सरळ.

नानांच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. आणि माइकमागं हातात कागद घेऊन उभा असलेला, पोट सुटलेला, ब्लेझर घातलेला सलीम एकदम स्तब्ध झाला. तो माझ्या बोटाकडं बघत होता.

वाक्यानं टाकला. फटका कडेनं बाहेर गेला. दोन बोटं. चेंडू सुटून गेला, फलंदाजानं सोडला. पाहुणे सांगत होते की बेसबॉल म्हणजे आपल्या मातीतल्या विटी-दांडूचीच परदेशी आवृत्ती. फोनवरच्या कॅचरची बोटं दिसायची सोय आता नव्हती. पुढं काय येणार ते मला कळत नव्हतं. मी तळवा जमिनीकडं केला आणि बोटं फाकवली. हे सांगणं नव्हतं, ते मागणं होतं.

वाक्या वाकला. हात गवताशी गेला. आणि चित्र अडकलं.

चक्र फिरू लागलं. वर दोन माणसं माझ्या हाताकडं बघत होती आणि माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. पाहुणे मातीकडून संस्कारांकडं वळले. अक्का फोनवर वाकली. मी तो हलवला, वर केला, खाली केला, मनातल्या मनात सर्व मोबाइल कंपन्यांचा उद्धार केला. चक्र फिरतच होतं. वाक्याचा हात गवताशीच होता.

मग चित्र उडी मारून पुढं गेलं. चेंडू जमिनीतून गडगडत वाक्याकडंच परत येत होता. तो वाकला, उचलला आणि पहिल्या बेसकडं फेकला.

"सापडनं त्याले," अक्का म्हणाली.

मी मूठ गुडघ्यावर ठेवली.

नाना उठून उभे राहिले. सत्कारमूर्ती उभे राहिलेले पाहून व्यासपीठ उभं राहिलं, ते पाहून सभागृह उभं राहिलं, टाळ्या सुरू झाल्या. संस्कारांवरचं आपलं वाक्य इतकं पोचलेलं पाहून पाहुण्यांनी हात जोडून धुळेकरांचे आभार मानले. ते बिचारे आजही ती सभा विसरले नसतील. त्या गोंधळात सलीम माइकमागून बाजूला सरला, ब्लेझरसकट कमरेत वाकला, आणि त्याचा हात गालिच्याला घासून पुढं गेला. पडलेलं फूल उचलतोय असं लोकांना वाटलं असेल. तिथं फूल नव्हतं. नाना त्याच्याकडं बघत होते. फेटा तसाच घट्ट होता, पण आता ते आश्चर्यचकित दिसत नव्हते.

निघताना सलीमनं गाडीच्या डिकीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणून नानांच्या मांडीवर ठेवलं. त्याचा जुना ग्लोव्ह. पापडासारखा वाळलेला, शिवणीतून कापूस बाहेर आलेला. "अब्बांनी भरलेला आहे, सर. टाकवला नाही," एवढंच म्हणाला. पारोळा येईपर्यंत नाना तो नाकाशी धरून बसले होते. शेवभाजी तशीच राहिली.

हे गेल्या हंगामाचं. आता तीन वाजले की नाना घड्याळाकडं बघतात आणि मग नवीन पोरांबद्दल तक्रार करत सामना लावतात.

आज दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तर शेंगदाण्याच्या तेलाचा वास येत होता आणि फ्रिजचा माथा रिकामा होता. ओट्यावर सलीमचा ग्लोव्ह होता, तेलानं काळपट, पोटात चेंडू घातलेला, सुतळीनं आवळलेला. त्याच्यावर दाब म्हणून तो सोनेरी फलंदाज उभा केला होता, पॅडसकट.

"आता कामाला लागला," नाना म्हणाले. त्यांनी बोटानं चामडं दाबून पाहिलं. "सलीमला फोन लाव."

मी नंबर शोधेपर्यंत वेळ लागला, चष्मा सापडत नव्हता. नाना ओट्याशी उभे होते. या वेळी ते 'राहू दे' म्हणाले नाहीत. घंटी वाजायला लागली तेव्हा त्यांनी तेलकट हात धोतराला पुसला आणि फोन माझ्या हातातून घेतला.